'सवडीने' म्हणजे नेमके केव्हा?

प्रश्न : माझा २६ वर्षांचा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. तो बी.कॉम. झाला असून टॅलीवर त्याचा हात चांगला बसला आहे. मात्र मुलाखतीत 'स्वतःविषयी सांगा' म्हटले की तो उंची, वजन आणि रक्तगट सांगतो. चार नकारांनंतर एक नोकरी मिळाली. तिथे साहेबांनी 'सवडीने करा' म्हणून दिलेली बिले त्याने आठवडाभर बाजूला ठेवली आणि नोकरी गेली. पुढच्या ठिकाणी त्याची स्वमग्नता आधीच सांगावी का?
– एक आई, कोथरूड

उत्तर : मुलाची तयारी असेल तर जरूर सांगावी, पण नुसते 'तो स्वमग्न आहे' म्हणून थांबू नये, कारण त्या शब्दावरून समोरचा माणूस भलतेच तर्क करतो. त्याऐवजी एका कागदावर नेमके लिहावे : काम लेखी द्यावे, 'शुक्रवारी चार वाजेपर्यंत' अशी मुदत घालावी, बसण्याची जागा पूर्वसूचनेशिवाय बदलू नये आणि शंका विचारण्यासाठी एकच ठरलेली व्यक्ती असावी. बिलांच्या बाबतीत मला साहेबांचीच चूक अधिक दिसते. त्यांनी उच्चारलेला शब्द तुमच्या मुलाने तंतोतंत पाळला. (पुण्यात 'बघू' म्हणजे 'नाही', हे उमगायला बाहेरून आलेल्यांनाही काही वर्षे लागतातच.)

मुलाखतीत पारख होते ती बोलण्याची, आणि हिशेबाच्या कामाला तिचा उपयोग बेताचाच. म्हणून अर्जातच विनंती करावी की जुनी बिले देऊन अर्धा दिवस प्रत्यक्ष नोंदी करून घ्याव्यात. लहान सी.ए. कार्यालयांत हे विचारणे सोपे जाते, कारण तिथे निर्णय घेणारा माणूस समोरच बसलेला असतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी एकत्रित आहे. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते आणि कर्मचारी वीस किंवा अधिक असल्यास दिव्यांगांची भरती आणि सोयी पाहणारा संपर्क अधिकारी नेमावा लागतो. मुलाखतीपूर्वी त्या अधिकाऱ्याचे नाव विचारून तो कागद त्यांच्याकडेच पोचवावा.

कागद लिहिताना लेखणी मात्र मुलाच्या हाती द्या. 'सवडीने'सारखे आणखी कोणते शब्द त्याला अडतात, हे त्यालाच विचारावे लागेल.