जिनात कापूस पिंजत नाहीत!

यवतमाळचे माहेर असलेल्या एका वाचक बाईंनी विचारले आहे: “मुलीच्या इतिहासाच्या टिपणात ‘एली व्हिटनीने १७९३ मध्ये कापूस पिंजण्याचे यंत्र शोधले, त्यामुळे अमेरिकेत उद्योग वाढला आणि देश पश्चिमेकडे पसरला’ असे वाक्य आहे. आमच्याकडे जिन वेगळे आणि पिंजारी वेगळा. मग ‘कॉटन जिन’ला नेमके काय म्हणावे? आणि त्याच टिपणात ‘फ्रंटियर’ला ‘सरहद्द’ म्हटले आहे, ते चालेल का?”

बाईंना पहिले उत्तर ठाऊकच आहे, त्यांना फक्त कुणीतरी शिक्का मारून हवा आहे. घ्या मारून. ‘पिंजण्याचे यंत्र’ साफ चूक. हे वाक्य मी भाषणांत, लेखांत, स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत इतक्या वेळा वाचले-ऐकले आहे की आता लिहिणाऱ्याला धरून हिंगणघाटच्या बाजारात एक दिवस उभे करावेसे वाटते. झाडावरून वेचून आणतात तो कापूस. त्यातली सरकी काढली की उरते ती रुई. रुई धनुकलीच्या तातीने मोकळी करतात ते पिंजणे, आणि तिचे पेळू करून सूत काढतात ते कातणे. व्हिटनीचे यंत्र यातले पहिलेच काम करत होते, सरकी काढण्याचे. पिंजाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘कापूस कातण्याचे यंत्र’ असेही एके ठिकाणी वाचले. तिथे लेखकाने अख्खी गिरणीच व्हिटनीच्या नावावर करून टाकली आहे.

मराठी शब्द हवा तर ‘रेचा’ आहे. क्रियेला ‘रेचाई’. कापसाच्या व्यवहारात हे शब्द अजून चालतात, पण शहरी लेखकांना ते माहीत नसतात, म्हणून ते संस्कृताची पेटी उघडतात. ‘कापूस निर्बीजीकरण यंत्र’ असा एक अवतार मला कुणीतरी कौतुकाने दाखवला होता. निर्बीजीकरण म्हटले की मला नगरपालिकेची कुत्र्यांची गाडी आठवते. ‘रेचा’ लिहा, नाहीतर सरळ ‘जिन’ लिहा. विदर्भात, खानदेशात ते सगळ्यांना कळते.

आता ‘जिन’. अरबी जिन्नाशी नाते नाही. तो ‘दडलेला’ या अर्थाच्या धातूतून आला. जैनांचा जिन ‘जिंकणारा’. घोड्यावरचे जीन फारसी. पिण्याची जिन ज्युनिपर नावाच्या झुडपाच्या फळांवरून. ही चौकडी इथेच सोडून देऊ, कारण यंत्रातल्या ‘जिन’ची गोष्ट या चौघांपेक्षा रंगतदार आहे.

हा ‘जिन’ म्हणजे डोके उडालेले ‘इंजिन’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एंजिन’, त्याच्या आधी लॅटिनमध्ये ‘इंगेनियुम’, म्हणजे जन्मजात बुद्धी, उपजत हुशारी. मध्ययुगीन इंग्रजीत सुरुवातीचे ‘एं’ गळले आणि उरलेला ‘जिन’ कुठल्याही हिकमती साधनाला लागू झाला: सशाचा सापळा, खाणीतून बादली वर ओढणारे रहाटगाडगे, सगळेच जिन. त्या लॅटिन शब्दाच्या पोटात ‘गेन्’ हा धातू आहे, आणि तो आपल्या ‘जन्’चा सख्खा भाऊ. म्हणजे जन्म, जनक, जनता, जिनिंग, इंजिन आणि इंजिनीयर हे एकाच गोताचे. बीटी बियाण्याच्या जाहिरातीतला ‘जीन’सुद्धा याच धातूचा. कापसात जीन घालतात आणि तोच कापूस जिनात घालतात, दोन्ही शब्द एका घरचे, आणि शेतकऱ्याला याचा पत्ता नाही! मला हे लिहिताना जेवढा आनंद होतो तेवढा वाचणाऱ्याला होत नाही, हे मला ठाऊक आहे.

इथे ‘स्पिनिंग जेनी’ काढायलाच हवी, म्हणजे जेम्स हार्ग्रीव्हजचे सूत कातण्याचे यंत्र. हार्ग्रीव्हजच्या मुलीचे नाव जेनी होते आणि तिच्या हातून चरखा उलटला, ही गोष्ट शाळेत अजून सांगतात. तिला आधार नाही. मोठे इंग्रजी कोश मात्र ‘जेनी’ हे बाईचे नावच धरतात आणि पुढे गप्प बसतात. इंजिन, जिन, जेनी अशी सरळ उतरंड समोर असताना नाव कशाला हवे? लँकेशरच्या विणकरांच्या तोंडी ‘जिन’ला लाडाचे शेपूट लागले, एवढे मानले की काम भागते. कोशकार पुरावा मागतात. जरूर मागावा, पण मग बाईच्या नावाचा पुरावाही तेवढ्याच करडेपणाने मागावा.

आपल्या ‘रेचा’बद्दलही माझा एक आवडता तर्क आहे. रेचक, विरेचन, रिक्त हे ज्या ‘रिच्’पासून आले, त्यातूनच रेचा: कापसाचे पोट रिकामे करणारा. तर्कच आहे, पण इंग्रजीने यंत्रात हुशारी पाहिली आणि आपण पोटसफाई पाहिली, हे मला फार मराठी वाटते.

टिपणातली दुसरी चूक ‘शोधले’ या शब्दात आहे. सरकी काढायचे यंत्र व्हिटनीच्या आधी कित्येक शतके होते, आणि आपल्याकडे होते. अजिंठ्याच्या चित्रांत एका रुळाने सरकी काढणे दाखवले आहे असे अभ्यासक सांगतात. पुढे दोन रूळ आले, उलटसुलट फिरणारे, ती चरखी. फारसी ‘चर्ख’ म्हणजे चाक, आपल्या ‘चक्रा’चेच इराणी भावंड. उसाचा चरक त्यातलाच. ही चरखी ‘चर्का’ होऊन इंग्रजीत शिरली आणि तसल्या रुळाच्या यंत्रांवर जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचा लांब धाग्याचा कापूस साफ होत असे. त्याची सरकी काळी, गुळगुळीत; रुळातून धागा जातो, सरकी मागे घसरते. ‘जिनिंग’ हा शब्दही व्हिटनीने आणलेला नाही. १७९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन याने त्याला पत्र लिहून विचारले, की यंत्र कापसाच्या जिनिंगवर नीट चालवून पाहिले आहे का, की अजून नुसते कल्पनेतलेच आहे. पेटंटचे काम तेव्हा जेफरसनकडे होते. ज्या सहजतेने तो हा शब्द वापरतो, त्यावरून तो आधीच रुळलेला होता हे उघड आहे. जेफरसनचे हे एक वाक्य मला दहा व्युत्पत्तींपेक्षा मोलाचे वाटते.

मग व्हिटनीने केले काय? किनाऱ्यापासून आत गेले की तो काळ्या सरकीचा कापूस येत नसे. तिथे यायचा आखूड धाग्याचा, हिरव्या सरकीचा. या सरकीला धागा असा चिकटलेला असतो की रूळ हरतात. हाताने सोडवायला बसले तर दिवसाकाठी जेमतेम रत्तलभर (पौंडभर) रुई. येलमधून नुकताच बाहेर पडलेला व्हिटनी सॅव्हानाजवळ कॅथरीन ग्रीन या बाईंच्या मळ्यावर उतरला होता. तिथे त्याने लाकडी नळकांड्यावर तारेचे दात बसवले. दात रुईला धरून अरुंद फटीतून ओढत, सरकी फटीत मावत नसे म्हणून मागे राही, आणि उलट फिरणारा ब्रश दातांवरची रुई झाडून घेई. रत्तलाचे पन्नास रत्तल झाले. मार्च १७९४ मध्ये पेटंट मिळाले. व्हिटनी आणि त्याचा भागीदार फिनियस मिलर यांनी यंत्र विकायचे नाही, रेचाई आपणच करायची आणि मोबदल्यात दोन पंचमांश कापूस घ्यायचा असे ठरवले. मळेवाल्यांनी गावच्या लोहाराकडून नकला करून घेतल्या. एवढे सोपे यंत्र झाकून ठेवता येते थोडेच! कोर्टाने पेटंट धड उचलून धरले ते १८०७ मध्ये, तोवर त्याची मुदत सरत आली होती.

आता त्या वाक्याचा शेपटाकडचा भाग: ‘त्यामुळे उद्योग वाढला आणि देश पश्चिमेकडे पसरला.’ वाक्य खोटे नाही, पण फार गुळगुळीत आहे. उद्योग वाढला तो उत्तरेत: ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला सॅम्युएल स्लेटरची सूतगिरणी, पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये वॉल्थॅम आणि लोवेल. पसरली ती दक्षिण. आखूड धाग्याचा कापूस आता परवडू लागला, त्याने जमिनी झिजल्या, आणि मळेवाले अलाबामा, मिसिसिपीकडे सरकले. मिसिसिपी १८१७ मध्ये राज्य झाले, अलाबामा १८१९ मध्ये. १७९० मध्ये अख्ख्या देशात काही हजार गासड्या निघत. १८६० मध्ये ४० लाखांच्या आसपास. यंत्राने मजुरी वाचवली म्हणतात. सरकी काढण्याची वाचवली. वेचणीची कुठून वाचणार? गुलाम माणसे १७९० मध्ये सुमारे ७ लाख होती, १८६० मध्ये ४० लाखांच्या घरात गेली. बाहेरून गुलाम आणायला १८०८ पासून बंदी होती, तेव्हा व्हर्जिनिया-मेरीलँडकडची माणसे विकून, साखळ्या घालून पश्चिमेला चालवत नेली. ‘विस्तार’ या शब्दात हे कुठे मावते ते टिपणकाराने सांगावे.

आपल्याकडचे यंत्र कुठले, हा प्रश्न बाईंनी विचारलेला नाही, पण तो विचारायला हवा होता. व्हिटनीच्या दातेरी वळणाची यंत्रे कंपनी सरकारने इथे आणून पाहिली. १८४० मध्ये अमेरिकेहून मळेवालेही आणले. धारवाडकडे तो अमेरिकन कापूस थोडा रुजला. पण विदर्भातल्या बहुतेक जिनांत आज चालते ते डबल रोलर, आणि त्याचा मूळपुरुष अमेरिकेचा फोन्स मॅकार्थी, १८४० चा. चामड्याचा रूळ रुई ओढतो, पात्यापाशी सरकी अडते, दुसरे पाते तिला झटकते. दात नाहीत, रूळ आहे. म्हणजे यवतमाळच्या जिनाचे नाव इंग्रजी, साचा अमेरिकन, पण कुळी पाहिली तर ते चरखीचेच वंशज. व्हिटनीकडून त्याने काही घेतलेले नाही. वर, ‘जिनात गाडी लावली’ म्हणताना आपण अख्ख्या कारखान्याला जिन म्हणतो, अगदी तसेच अलाबामाचा शेतकरीही म्हणतो.

राहिला ‘फ्रंटियर’. ‘सरहद्द’ चालेल का? जाणकार म्हणतात नाही. सरहद्द दोन राज्यांमधली, फ्रंटियर म्हणजे वस्ती संपून मोकळा मुलूख सुरू होतो ती कड, म्हणून ‘वसाहतीची सीमारेषा’ लिहा. मला हे बिलकूल मान्य नाही. मुलूख मोकळा होता हे कुणी सांगितले? तिथले मूळ रहिवासी होतेच: अलाबामात क्रीक, मिसिसिपीत चोक्टॉ आणि चिकसॉ. १८१४ च्या फोर्ट जॅक्सनच्या तहात क्रीकांकडून दोन कोटी एकरांहून अधिक जमीन लिहून घेतली. तह करायला आणि जमीन लिहून घ्यायला समोर कुणीतरी लागतो. उरलेल्यांना हुसकावण्यासाठी १८३० मध्ये कायदाच करावा लागला. पलीकडे दुसऱ्याचा मुलूख असलेल्या रेषेला मराठीत सरहद्दच म्हणतात. तेव्हा बाई, मुलीच्या टिपणात ‘पिंजण्याचे यंत्र’ खोडा, ‘शोधले’ खोडा, ‘सरहद्द’ तशीच राहू द्या. गुरुजींनी लाल रेघ मारली तर त्यांना फोर्ट जॅक्सनचा तह दाखवा.