वाचकांचे प्रश्न : उत्तर ऱ्होनच्या पाच लाल वाइन कशा चाखाव्यात?

प्रश्न : आम्ही आठ जण अधूनमधून एकत्र जमून वाइन चाखतो. फ्रान्समध्ये ल्यों येथे राहणारे आमचे स्नेही येताना उत्तर ऱ्होन भागातल्या पाच लाल वाइन घेऊन आले आहेत : क्रोझ-एर्मिताज, सँ-जोझेफ, कोत-रोती आणि एर्मिताज या चार 2020 सालच्या, तर कोर्नास 2021 ची. पाचही सिरा द्राक्षाच्या आहेत. एकाच जातीच्या पाच वाइन ओळीने चाखण्यात काय हशील, आणि त्या कोणत्या क्रमाने चाखाव्यात? (पुणे)

हशील आहे ते नेमके द्राक्ष एकच असण्यात. बोर्दोच्या दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की मेर्लो, कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांचे प्रमाण बदललेले असते आणि जाणवलेला फरक द्राक्षाचा की जमिनीचा, हे सांगता येत नाही. ऱ्होन नदीच्या काठाने व्हिएन शहराकडून दक्षिणेला व्हालाँसपर्यंत गेलेल्या या अरुंद पट्ट्यात लाल वाइनसाठी परवानगी असलेले काळे द्राक्ष एकच, सिरा. काही ठिकाणी त्यात थोडी पांढरी द्राक्षे मिसळण्याची मुभा आहे : कोत-रोतीत व्हियोन्ये 20 टक्क्यांपर्यंत, एर्मिताज आणि क्रोझमध्ये मार्सान व रूसान 15 टक्क्यांपर्यंत, सँ-जोझेफमध्ये 10 टक्क्यांपर्यंत. प्रत्यक्षात बहुतेक उत्पादक यापेक्षा पुष्कळच कमी मिसळतात, काही जण मुळीच नाही. कोर्नासमध्ये तर ती मुभाच नाही. त्यामुळे पेल्यात जो फरक जाणवेल तो मुख्यतः उतार, माती, ते वर्ष आणि वाइन करणाऱ्याचा हात यांचा असेल.

चाखण्यापूर्वी नकाशावर एकदा नजर टाकावी. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि कोत-रोती, सँ-जोझेफ व कोर्नास हे तिन्ही भाग तिच्या पश्चिम काठावर आहेत, तर एर्मिताज आणि त्याला वेढून असलेले क्रोझ पूर्व काठावर. कोत-रोती सर्वांत उत्तरेला, आंप्वी गावाच्या वरच्या कड्यांवर. तिथला खडक मुख्यतः अभ्रकयुक्त शिस्ट, आणि उतार इतका उभा की वेलींची कामे हातानेच करावी लागतात. उत्तरेकडून येणाऱ्या मिस्त्राल वाऱ्याने वेल मोडू नयेत म्हणून ते लाकडी खुंटांना बांधलेले असतात. ही वाइन पाचांत सर्वांत सुगंधी असते : व्हायोलेटची फुले, धुरावलेले मांस, काळे ऑलिव्ह, आणि जिभेवर इतरांहून नितळ स्पर्श. व्हियोन्ये असल्यास ते सिराबरोबर एकत्रच आंबवावे लागते. तयार वाइन मागाहून ओतून चालत नाही.

कोर्नास दक्षिणेकडच्या टोकाला, ग्रॅनाइटच्या टेकड्यांच्या कुशीत, मिस्त्रालपासून बराचसा आडोसा मिळालेल्या जागी आहे. द्राक्षे तिथे लवकर आणि भरपूर पिकतात. वाइन गडद आणि रांगडी, तुरटपणा तर कच्च्या जांभळासारखा गालांना धरणारा. सँ-जोझेफविषयी एकच एक विधान करणे कठीण आहे. 1956 साली त्याला स्वतंत्र वाइनभाग म्हणून अधिकृत दर्जा मिळाला तेव्हा तुर्नों आणि मोव यांच्या आसपासची मोजकी गावे त्यात होती. पुढे सीमा वाढत जाऊन तो नदीकाठाने सुमारे 50 किलोमीटर लांब पसरला. म्हणून या बाटलीवर उत्पादकाचे गाव कोणते आहे ते जरूर वाचावे. जुन्या गाभ्यातील ग्रॅनाइटवरची वाइन आणि उत्तर टोकाची वाइन यांत अंतर असते. एर्मिताज आणि क्रोझ यांच्याविषयी खाली वेगळा प्रश्न आलाच आहे.

क्रम हलक्याकडून भारदस्ताकडे असावा : क्रोझ, सँ-जोझेफ, कोत-रोती, कोर्नास, शेवटी एर्मिताज. कोत-रोती कोर्नासच्या आधीच घ्यावी, कारण कोर्नासचा तुरटपणा तोंडात असताना तिचा सुगंध आणि नाजूकपणा हाती लागत नाही. पहिली फेरी या क्रमाने झाल्यावर पेले समोरच राहू द्यावेत आणि दुसऱ्या फेरीत उलटे यावे. पहिल्या फेरीतली निम्मी मते दुसरीत बदलतात, आणि एकेक पेला संपवून पुढे जाणाऱ्यांना हे कधीच कळत नाही. म्हणूनच प्रत्येकापुढे पाच पेले हवेत. आठांना प्रत्येकी 50 मिलिलिटर ओतले तर 750 मिलिलिटरच्या बाटलीतून 400 मिलिलिटर लागतील आणि उरलेली वाइन जेवणाला राहील. पाच वाइनचे मिळून मात्र माणशी 250 मिलिलिटर होतात. तेव्हा मध्ये एक भांडे ठेवावे आणि घोट त्यात टाकावा. आपल्याकडे चारचौघांत थुंकणे अवघड वाटते हे मान्य आहे, परंतु चौथ्या पेल्यापर्यंत जीभ शाबूत ठेवण्याचा दुसरा मार्ग नाही.

तापमानाकडे आपल्याकडे हमखास दुर्लक्ष होते. लाल वाइन घरातल्या तापमानाला द्यावी हा सल्ला थंड देशांतल्या जुन्या घरांचा आहे. पुण्यात मे महिन्यात 30 अंशांवरची सिरा प्यायलात तर मद्यार्काचा भपका तेवढा नाकात शिरेल. बाटल्या फ्रिजमधून अशा काढाव्यात की ओतताना वाइन 16 अंशांच्या आसपास असेल. पेल्यात ती आपोआप दोन-तीन अंश चढते. एर्मिताज आणि कोर्नास या कोवळ्या वयात तासभर आधी रुंद भांड्यात ओतून ठेवाव्यात. कोत-रोतीला ते नको.

राहता राहिले वर्ष. 2020 उष्ण, तर 2021 मध्ये एप्रिलच्या थंडीच्या कडाक्याने कोंब जळले आणि पुढचा उन्हाळाही गार व ओलसर गेला. आपल्याकडची कोर्नास त्यामुळे नेहमीच्या कोर्नासपेक्षा सडपातळ आणि आम्लतेने उठावदार वाटण्याची शक्यता मोठी आहे, आणि तो स्वभाव कोर्नासचा समजू नये. तुलना काटेकोर हवी असेल तर पाचही एकाच सालच्या आणि शक्य झाल्यास एकाच उत्पादकाच्या घ्याव्या लागतात. या भागातली काही मोठी घराणी पाचही ठिकाणच्या वाइन करतात, त्यामुळे ते अशक्य नाही. बाटल्या कागदात गुंडाळून क्रमांक घालावेत. एर्मिताजचे नाव वाचल्यावर ती श्रेष्ठ वाटू लागणे हा माणसाचा स्वभावच आहे.

प्रश्न : सिरा म्हटले की सगळे जण काळ्या मिऱ्याच्या वासाची चर्चा करतात. माझ्या यजमानांना तो लगेच येतो, मला मात्र एकदाही आलेला नाही. माझे नाक कमी पडते आहे का? (नाशिक)

आपल्या नाकाला दोष देऊ नये. हा मिऱ्याचा वास रोटंडोन नावाच्या संयुगामुळे येतो. शिराझमध्ये (हे सिराचेच दुसरे नाव) त्याचा शोध ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लावला आणि 2008 साली तो प्रसिद्ध केला. हेच संयुग खुद्द मिऱ्याच्या दाण्यातही असते, त्यामुळे 'मिरे' हा शब्द इथे केवळ अलंकार म्हणून आलेला नाही. एक लिटर लाल वाइनमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढे असले तरी ते जाणवते, म्हणजे ज्यांना जाणवते त्यांना. त्याच अभ्यासात चाखणाऱ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला ते कितीतरी जास्त प्रमाणातही जाणवले नाही. आपण आणि आपले यजमान एकाच बाटलीतल्या दोन वेगळ्या वाइन पीत आहात, असे म्हटले तरी चालेल.

रोटंडोन द्राक्षाच्या सालीत असते आणि थंड वर्षांत, थंड जागी जास्त साठते. त्यामुळे यजमानांना एखाद्या गार वर्षाची, उत्तरेकडची वाइन उष्ण वर्षाच्या वाइनशेजारी द्यावी आणि ते काय सांगतात ते ऐकावे. आपण स्वतः मिऱ्याच्या मागे न लागता फळ, फूल, आम्लता आणि तुरटपणाचा पोत यांवर लक्ष द्यावे. या वाइनमध्ये त्यावाचून काही अडत नाही. उलट, चाखण्याच्या बैठकीत एक तरी मिरे न कळणारी व्यक्ती असावी असे मला वाटते. बाकीचे मिऱ्यातच अडकून पडलेले असताना तीच इतर गोष्टी टिपते.

प्रश्न : एर्मिताज आणि क्रोझ-एर्मिताज ही नावे जवळजवळ सारखी, गावे शेजारची, द्राक्ष तेच, मग किमतीत एवढी तफावत का? ती पेल्यात जाणवते का? (ठाणे)

एर्मिताज म्हणजे तँ-लेर्मिताज गावावर उभी असलेली एक टेकडी, सुमारे 135 हेक्टरांची, दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन घेणारी. क्रोझ तिच्या भोवती पसरलेले आहे आणि क्षेत्रफळाने तिच्या दसपटीहून मोठे, उत्तर ऱ्होनमधले सर्वांत मोठे आहे. त्यातला बराच भाग दक्षिणेकडील सपाट मैदानात, नदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या जमिनीवर असल्याने तिथे यंत्राने काम करता येते. टेकडीवर दगडी बांध सांभाळत हाताने. किमतीचा निम्मा उलगडा इथेच होतो.

उरलेला निम्मा कीर्तीचा आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बोर्दोचे व्यापारी आपल्या वाइनला अंग यावे म्हणून तिच्यात एर्मिताज मिसळत आणि तसे उघडपणे सांगत; तेव्हा ती शिफारस समजली जाई. टेकडीवरच्या छोट्या चॅपेलचे नाव घेतलेली झाबुले घराण्याची 1961 ची 'ला शापेल' विसाव्या शतकातल्या सर्वाधिक वाखाणलेल्या वाइनपैकी एक आहे. टेकडीच्या पोटातही सगळे एकसारखे नाही. पश्चिमेच्या बेसार भागात ग्रॅनाइट, तिथली वाइन ताठ कण्याची. मधल्या मेआल भागात गोटे आणि चुनखडीयुक्त माती, तिथली वाइन अधिक भरलेली. बापाकडून मुलाकडे 1481 पासून हा व्यवसाय चालवणारे शाव्ह घराणे असे तुकडे वेगवेगळे आंबवून, वेगवेगळे मुरवून, शेवटी चाखत चाखत एकत्र करते.

पेल्यात फरक जाणवतो, पण लगेच नाही. चार-पाच वर्षांच्या एर्मिताजपाशी पुष्कळदा निराशा पदरी येते : रंग आहे, घनता आहे, तुरटपणा आहे, आणि बोलायला मात्र ती तयार नाही. त्याच वयाची चांगल्या उत्पादकाची क्रोझ फळाने खुललेली असते. तेव्हा घोट घेतल्यावर मिळणाऱ्या पहिल्या आनंदावर न जाता, घोट गिळल्यावर चव किती वेळ टिकते ते पाहावे. क्रोझची चव काही क्षणांत विरते, एर्मिताजची रेंगाळते आणि रेंगाळताना बदलते. दहा वर्षे वाट पाहण्याची तयारी आणि थंड जागा नसेल, तर एर्मिताजवर पैसे घालवू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या पैशांत तीन-चार उत्तम क्रोझ येतील. त्यातही उत्तरेकडच्या जेर्व्हान परिसरातली, ग्रॅनाइटच्या उतारावरची मिळाली तर ती आधी घ्यावी.

प्रश्न : उघडल्याबरोबर सँ-जोझेफला विझवलेल्या काडीचा आणि जळक्या रबराचा वास आला. बाटली खराब होती का? (नागपूर)

बहुधा नव्हती. सिरा आंबताना आणि पिंपात मुरताना हवा कमी मिळाली की गंधकाची संयुगे तयार होतात, आणि या द्राक्षाला ती खोड इतरांपेक्षा जास्त आहे. वाइन भांड्यात जोराने ओतून अर्धा तास ठेवावी; वास गेला तर प्रश्न मिटला. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा बुरशीचा वास असेल तर तो बुचाचा दोष, आणि तो हवेने जात नाही, वाढतो. तबेल्याचा वास येत असेल तर ते ब्रेटानोमायसिस या यीस्टचे काम. थोडासा असला तर काहींना आवडतो, पूर्वीच्या ऱ्होन वाइनमध्ये तो सर्रास असे. फळाचा वास दबून जाण्याइतका असेल तर मी त्याला दोषच म्हणतो, उत्पादक कितीही नामवंत असला तरी.

प्रश्न : या वाइनबरोबर नाशिकची शिराझ ओळीत ठेवावी का, आणि नंतर जेवायला काय करावे? (नाशिक)

शिराझ आणि सिरा एकच, तेव्हा ठेवावी. मात्र शर्यतीसाठी ठेवू नये. तँ-लेर्मिताज 45 अंश उत्तर अक्षांशावर आहे, नाशिक 20 अंशांवर. तिथे वेल हिवाळ्यात झोपतो आणि द्राक्षे साधारण सप्टेंबरात उतरतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ कोरड्या हिवाळ्यात भरते आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी होते. पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यांत ऱ्होनमध्ये दिवस लहान आणि गार होत जातात, नाशिकमध्ये मोठे आणि उष्ण. फळाचा पिकलेपणा आणि आम्लतेचा ताजेपणा यांचा तोल दोन्हींत कसा वेगळा पडतो, एवढेच पाहण्यासाठी नाशिकची बाटली क्रोझच्या लगेच नंतर, त्याच तापमानाला ओतावी.

चाखताना साधा पाव आणि पाणी पुरे. चिवडा, चकली दूर ठेवावी. जेवणात मटण उत्तम, परंतु तांबड्या रश्श्याचे नको. मद्यार्क आणि तुरटपणा यांनी तिखटाची आग वाढते आणि तिखटापुढे वाइनचे फळ नाहीसे होते. कमी तिखटाचे, खोबरे भाजून केलेल्या वाटणाचे, मिरे जरा सढळ हाताने घातलेले सुके मटण कोर्नासबरोबर छान जमते. शाकाहारी मंडळींसाठी भाजलेल्या वांग्याचे भरीत करावे, मिरची बेताचीच घालून, आणि त्याबरोबर सँ-जोझेफ द्यावी. वांग्याचा धुरकटपणा तिच्याशी चांगला जुळतो.