रारामुरींना मॅरेथॉन खरंच कमी पडली का?

प्रश्न : सर, माझा भाचा पेठ तालुक्यातला, रोज सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर रनिंग करतो. त्याने कुठेतरी वाचलं की मेक्सिकोचे दोन आदिवासी रनर ऑलिम्पिकची मॅरेथॉन संपली तरी पळतच राहिले, म्हणाले अंतर फारच कमी आहे. खरंय का? आणि आदिवासी पोरांच्या रक्तातच पळणं असतं का?
– एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : ताई, माणसं खरी आहेत. होसे तोरेस आणि ऑरेलियो तेरासास, दोघंही चिवावा राज्यातल्या डोंगरदऱ्यांतले रारामुरी, म्हणजे ज्यांना बाहेरचे ताराउमारा म्हणतात ते. १९२८ ला ॲमस्टरडॅमला पळाले, शर्यत पूर्ण केली, पण मेडलच्या जवळपासही नव्हते. "कमी पडली" हा किस्सा सगळीकडे सांगतात, मला तो मेडल हुकल्यावर रचलेला वाटतो.

त्यांना निवडलं का ते बघा. १९२६ च्या नोव्हेंबरमध्ये तोमास साफिरो आणि लेओन्सियो सान मिगेल हे दोन रारामुरी पाचुकाहून मेक्सिको सिटीपर्यंत १०० किमी पळत आले, ९ तास ३७ मिनिटांत! आपल्याकडे लोक नाशिकहून शिर्डीला पायी जातात ना, त्याहूनही लांब. मग सगळ्यांना वाटलं, मॅरेथॉन तर यांच्या हातचा मळ. आता हिशोब करा, त्या १०० किमीचा पेस पडतो किलोमीटरला पावणेसहा मिनिटं आणि ॲमस्टरडॅमला फ्रान्सकडून जिंकलेला अल्जेरियाचा एल वाफी २ तास ३२ मिनिटं ५७ सेकंदांत आला, म्हणजे किलोमीटरला साधारण ३ मिनिटं ३८ सेकंद. खेळच वेगळा झाला की हो. रारामुरींची घरची शर्यत म्हणजे लाकडी चेंडू पायाने उडवत टीमने दऱ्याखोऱ्यांतून पळायचं, कधी दिवस-रात्र, वर पैजा लागलेल्या. तिथे दम लागतो, ट्रॅकवरचा स्पीड नाही.

रक्ताबिक्ताचं मला पटत नाही. लहानपणापासून चढउतारावर पायी फिरलं की दम येतोच, पुढचं काम ट्रेनिंगचं. आपली सावरपाड्याची कविता राऊत घ्या, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थला १०,००० मीटरमध्ये ब्राँझ आणलं, त्यामागे नाशिकच्या ग्राउंडवरची कित्येक वर्षांची प्रॅक्टिस आहे. आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तर १९२० लाच अँटवर्पला मॅरेथॉन पळून आले होते, त्यांचं नाव भाच्याला माहितीये का विचारा.

त्याला म्हणावं किलोमीटरचा टाइम वहीत लिहीत जा, आणि ५ किमी नीट जमेपर्यंत मॅरेथॉनचा फॉर्म भरू नको.