हिस्लॉप म्हणजे काय हो भाऊ?

या महिन्यात पत्रं भरपूर आली, पण धरमपेठेतल्या एका बाबांनी असा काही प्रश्न टाकला की बाकीची बाजूला ठेवावी लागली. त्यांच्यामागे त्याच वळणाचे आणखी दोन-तीन निघाले, तेही इथंच घेतो.

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी हिस्लॉप कॉलेजात तीन वर्षं काढली, आता पोरगी तिथंच शिकून राह्यली. परवा तिनं विचारलं, बाबा, हिस्लॉप म्हणजे काय? मी म्हटलं एका साहेबाचं आडनाव. ती म्हणे ते माहीत आहे, अर्थ सांगा. आता स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, एवढं मलाही समजते, पण हे हिस्लॉप काय आहे? आणि दुसरा कोणी इंग्रज हिस्लॉप मी तर आजपर्यंत ऐकला नाही. एकदमच दुर्मिळ आहे का हे आडनाव?
— एक माजी विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : दादा, पोरीला आधी शाबासकी द्या. आपण आयुष्यभर ऑटोवाल्याला "हिस्लॉप चौक घे" म्हणत आलो आणि कोणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नाही, माझ्यासुद्धा.

अर्थ सोपा आहे. जुन्या इंग्रजीत 'हेसेल' म्हणजे हेझलचं झाड, तेच ज्याचे दाणे महागड्या चॉकलेटात घालतात, आणि 'होप' म्हणजे डोंगरांच्या कुशीत शिरलेली अरुंद, तिन्ही बाजूंनी बंद अशी दरी. इथं होप म्हणजे आशा समजू नका, उच्चार सारखा आहे पण शब्द वेगळा. दोन्ही जोडले की हेझलच्या झाडांची दरी. त्या दरीत राहणारा तो हेसल-होप, मग बोलता बोलता मधला ह गळाला, ओ आखडला आणि झालं हेस्लप, हेस्लॉप, हिस्लॉप. आपण नाही का सीताबर्डीची सीता गाळून नुसतं "बर्डीवर जाऊन येतो" म्हणत, तसंच. म्हणजे आपल्याकडचे बोरकर, बाभुळकर, पिंपळखुटे ज्या जातकुळीचे, त्याच जातकुळीचं हे आडनाव आहे, झाड अधिक जागा. पोरीला सांगा, हिस्लॉप म्हणजे तिकडचे बाभुळकर.

हा 'होप' एकदा ओळखता आला की इंग्लंडच्या नकाशात जागोजागी सापडतो. डर्बीशायरमधलं ग्लॉसप, नॉटिंगहॅमशायरमधलं वर्कसॉप, डरहॅममधलं स्टॅनहोप म्हणजे दगडांची दरी. ऑल्सप हे आडनावही त्यातलंच. पण शेवटी 'ऑप' ऐकू आलं म्हणून लगेच दरी काढू नका, टायरवाल्या डनलॉपची गोष्ट वेगळी आहे, ते स्कॉटलंडमधल्या एका गावाचं गेलिक नाव आहे आणि त्यातला 'डन' म्हणजे किल्ला. आणि बिशप तर मुळात ग्रीक, लॅटिनच्या वाटेनं आलेला, त्याचा कुठल्याही दरीशी काही संबंध नाही.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करतो, राग मानू नका. ज्यांच्या नावानं नागपुरातलं हे कॉलेज आहे ते पाद्री स्टीफन हिस्लॉप इंग्रज नव्हते, स्कॉटिश होते. १८१७ मध्ये बेरिकशायरमधल्या डन्स या गावी जन्म, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या अगदी सीमेवरचा मुलूख. पण आडनाव इंग्रजी, ते कसं? तर हा सगळा पट्टा आधी नॉर्थम्ब्रिया नावाच्या इंग्रजी बोलणाऱ्या राज्यात होता, सीमा नंतर सरकली, लोक आणि त्यांची बोली तिथंच राहिली. तेव्हा माणूस स्कॉटिश, नाव जुन्या इंग्रजीतलं. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीकडे कितीतरी 'वार' आडनावं आहेत, माणूस घरात मराठी बोलतो आणि आडनावाची शेपटी तेलुगू, त्यातलाच हा प्रकार समजा. म्हणून आडनावावरून माणसाचा देश ठरवायला जाऊ नये असं माझं मत आहे, कुठल्याच आडनावावरून.

दुर्मिळ आहे का, तर स्मिथ-जोन्सच्या तुलनेत हो, पण मरायला टेकलेलं नाही. खरी गंमत अशी की ते तुकड्या-तुकड्यांत विखुरलंय. सीमेच्या इंग्लंडकडच्या बाजूला, नॉर्थम्बरलंड आणि डरहॅममध्ये, ते 'हेस्लॉप' म्हणून भेटतं, स्कॉटलंडकडे हिस्लॉप आणि हायस्लॉप. नाव मुळात एकच, लिहिणारे कारकून वेगळे. जुन्या काळी चर्चच्या वहीत बाप्तिस्मा नोंदवणारा जे कानावर पडेल ते लिहायचा आणि समोरच्या शेतकऱ्याला वाचता येत नसायचं, मग तो काय दुरुस्त करणार? आधार केंद्रावर आपलं नाव टाइप होताना स्क्रीन आपल्याकडे फिरवलेली नसते तेव्हा जे होतं तेच. सगळी स्पेलिंगं एकत्र मोजली तर आडनाव बरं मोठं, एकेक मोजलं तर बारीक. पुष्कळ "दुर्मिळ" आडनावांचं रहस्य एवढंच असतं. एक हिस्लॉप तर फुटबॉलच्या लोकांना नक्की आठवतील, शाका हिस्लॉप, २००६ च्या वर्ल्डकपला त्रिनिदाद आणि टोबॅगोचे गोलकीपर. कॅरिबियनमध्ये स्कॉटिश आडनावं एवढी का, याचं उत्तर उसाच्या मळ्यांत आणि गुलामगिरीत आहे, आणि ते काही गोड उत्तर नाही.

प्रश्न : आडनाव दुर्मिळ होतं म्हणजे नेमकं काय होतं? लोकसंख्या तर वाढतच चालली, मग आडनावं कमी कशी होतील?
— गणिताच्या निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर

उत्तर : ताई, हा प्रश्न तुम्ही विचारावा हेच बरोबर आहे, कारण याचं उत्तर गणितातच आहे. फ्रान्सिस गाल्टन नावाच्या गृहस्थांना १८७३ च्या सुमारास पडलेला हा प्रश्न, की मोठमोठ्या घराण्यांची नावं का बुडतात. त्यांनी तो छापून जाहीर विचारला, हेन्री वॉटसन या पाद्री-गणितज्ञांनी सोडवायला घेतला आणि दोघांनी मिळून त्यावर लेख लिहिला. वॉटसन म्हणाले की सगळीच आडनावं शेवटी बुडणार. ते चुकलं होतं. माणशी सरासरी एकापेक्षा जास्त मुलगे असतील तर काही आडनावं टिकूनच राहतात, एक किंवा कमी असतील तरच सगळ्यांचा शेवट ठरलेला. आणि हे बरोबर उत्तर बिएनेमे नावाच्या फ्रेंच माणसानं १८४५ मध्येच देऊन ठेवलं होतं, म्हणजे ज्या वर्षी हिस्लॉप नागपुरात पोचले त्याच वर्षी. पण लक्षात कोण घेतो!

हे मी घरी करून बघितलं. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वीस आडनावं लिहिली, आमच्याच कॉलनीतली, आणि पोरांच्या हातात रुपयाची दोन-दोन नाणी दिली. नियम असा की प्रत्येक घराच्या नावानं दोन नाणी उडवायची, जितके छापे तितके मुलगे. दोन्ही काटे पडले तर त्या घरात मुलगे नाहीत, म्हणजे आडनाव तिथंच थांबलं, मुली असतील दहा पण त्या काळच्या रिवाजानं नाव नवऱ्याचं. सरासरी बरोबर एक मुलगा येते, म्हणजे पुरुषांची एकूण संख्या साधारण तेवढीच राहते. पहिल्या फेरीत चार घरं गेली. तिसऱ्या फेरीला नऊ. पाचव्या पिढीपर्यंत वीसपैकी तेरा आडनावांवर काट पडली होती आणि पोरं "बोरकर गेले, बोरकर गेले!" करून नाचत होती, शेजारच्या बोरकर काकूंनी खिडकीतून ऐकलं तो भाग वेगळा. आणि पिंपळखुटे मात्र एकटेच सहा झाले. कागदावर हिशोब केला तर शंभरातली साठ आडनावं पाच पिढ्यांत जातात, म्हणजे आमचा खेळ काही फार चुकला नाही.

पिंपळखुट्यांनी काही पराक्रम केला नव्हता, बोरकरांनी पाप केलं नव्हतं. नुसतं नाणं. लोकसंख्या तेवढीच राहून किंवा वाढूनसुद्धा आडनावं कमी होत जातात ती अशी. त्यात इंग्लंडमध्ये बहुतेक आडनावं ११ व्या ते १४ व्या शतकात ठरत गेली, म्हणजे एकेक नाव सुरुवातीला एक-दोन घरांचंच, आणि मध्येच १३४८ ची प्लेगची साथ. जे नाव तेव्हा एकाच खेड्यात होतं ते अख्खं गेलं तर गेलं. स्मिथला भीती नव्हती, लोहार गावोगावी होता आणि प्रत्येक गावचा स्मिथ वेगळा. दरीच्या नावाचं तसं नसतं, दरी एकच.

याचा पुरावा अलीकडे डीएनएमधूनही मिळाला. लेस्टर विद्यापीठाच्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं, तर ॲटनबरोसारख्या कमी आढळणाऱ्या आडनावाच्या बहुतेक पुरुषांचं गुणसूत्र एकमेकांशी जुळलं, म्हणजे ते एकाच मूळपुरुषाचे. स्मिथांचं काहीच जुळेना.

प्रश्न : ऑफिसमध्ये एका इंग्रज क्लायंटचं आडनाव मी मीटिंगमध्ये 'चॉल्मॉन्डेली' असं वाचलं आणि सगळे हसले. ते म्हणे 'चमली' आहे. माझं काय चुकलं?
— मिहान

उत्तर : काही चुकलं नाही, स्पेलिंगच तसं आहे. बोलणारे शतकानुशतकं आडनाव झिजवत राहिले आणि लिहिणारे ते जुनं होतं तसंच ठेवत राहिले. असे आणखी आहेत, पुढच्या मीटिंगआधी पाठ करून ठेवा : फेदरस्टोनहॉ लिहितात आणि पुष्कळजण फॅनशॉ म्हणतात, मेनवेअरिंगचं मॅनरिंग, मार्जोरीबँक्सचं मार्चबँक्स. बोशां हे फ्रेंच, अर्थ सुंदर शेत, त्याचं इंग्रजांनी बीचम करून टाकलं. आणि हसणाऱ्यांना एकदा 'मुनगंटीवार' वाचायला द्या.

प्रश्न : कामठीच्या जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीत एका दगडावर एक विचित्र आडनाव दिसलं, इंटरनेटवर शोधून काहीच मिळत नाही. कुठं शोधू? (आडनाव छापू नका, कदाचित त्यांचे कोणी असतील.)
— एक हौशी फोटोग्राफर

उत्तर : नाही छापत. कामठीची छावणी १८२१ पासूनची, त्यामुळे तिथं ब्रिटनच्या कोपऱ्याकोपऱ्यातली आडनावं पडलेली आहेत, आणि दगड खोदणारा बहुतेक वेळा आपलाच माणूस, त्याला ते नाव कागदावरून उतरवायचं असे. म्हणून पहिलं काम, स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका. मोठ्यानं वाचा आणि तसंच ऐकू येईल असं आणखी चार-पाच तऱ्हेनं लिहून शोधा, शेवटचा ई काढा, एकाचे दोन एल करा, आयच्या जागी वाय टाका. निम्म्या वेळा तिथंच सापडतं. आणि फोटो सकाळी लवकर काढा, ऊन तिरपं असलं की झिजलेली अक्षरं सावलीनं वर येतात, हे तुम्हाला मी काय सांगावं.

नोंदी म्हणाल तर इंग्लंडमध्ये चर्चच्या वह्या १५३८ पासून ठेवायचा हुकूम झाला, सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८३७ पासून, स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून. ब्रिटनची १८८१ ची खानेसुमारी नावानिशी शोधता येते, त्यात कुठल्या परगण्यात त्या आडनावाची गर्दी आहे ते लगेच दिसतं, आणि खरंच दुर्मिळ आडनाव असेल तर गर्दी एकाच ठिकाणी असते, तिथून पुढे सोपं जातं. हिंदुस्थानातल्या ब्रिटिशांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. आपल्याकडच्या अशा दफनभूमींची नोंद ठेवणारी बॅक्सा नावाची एक संस्था १९७६ पासून आहे. आणि गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज म्हणून एक मंडळ आहे, त्यातला एकेक सभासद आयुष्यभर एकाच आडनावाच्या मागे लागलेला असतो. असल्या माणसाला कामठीच्या दगडाचा फोटो पाठवलात तर तो तुम्हाला दिवाळीला कार्ड पाठवेल.

एक आणखी. दगड बाईचा असेल आणि कुटुंब स्कॉटिश असेल तर नीट बघा, स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कागदावर आणि दगडावर लिहायची जुनी पद्धत आहे. म्हणजे एका दगडावर दोन आडनावं मिळतील.

प्रश्न : हिस्लॉपाइट नावाचा दगड खरंच आहे का, की कॉलेजच्या पोरांनी काढलेली थाप?
— नंदनवन

उत्तर : खरा आहे. नागपूरजवळचं गवती हिरव्या रंगाचं कॅल्साइट, १८५९ मध्ये सॅम्युअल हॉटन यांनी त्याला हे नाव दिलं, आणि त्याच वेळी हिस्लॉपांचे सोबती रॉबर्ट हंटर यांच्या नावानं दुसऱ्या एका खनिजाला हंटराइट. शिवाय हिस्लोपिया नावाचा गोड्या पाण्यातला एक बारका, वसाहत करून राहणारा जीव आहे, त्याचं वर्णन कार्टर यांनी १८५८ मध्ये केलं. पाद्रीबुवांना दगड, जीवाश्म, गोंडांची गाणी, जुनी दफनवर्तुळं (भोवती दगड गोल मांडलेल्या प्राचीन कबरी), सगळ्याचाच नाद. त्या वर्तुळांपायीच ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटला गेले आणि परतताना पूर आलेल्या पाण्यात बुडाले, बुटीबोरीच्या अलीकडे-पलीकडे. कॉलेज नंतर, १८८३ मध्ये निघालं. पोरांना म्हणावं, पावसाळ्यात त्या बाजूला गेलात तर नाला आधी बघा, मग वर्तुळं.