एलपीएनची आरएन होताना

प्रिय मुली,

अमेरिकेत एलपीएन (लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स) असलेल्या तू ब्रिज प्रोग्रॅम, म्हणजे एलपीएनला पुढच्या पायरीवर नेणारा कोर्स, करून आरएन (रजिस्टर्ड नर्स) व्हायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. तू विचारतेस, एलपीएन म्हणून इतकी कामं येत असताना नवं शिकायचं ते काय? प्रश्न रास्त आहे. सलाईन, ड्रेसिंग, कॅथेटर, गोळ्यांची फेरी, सगळं तुला येतं. त्यात थोडी भर पडेल. पण एलपीएनच्या परवान्यात मुळात धरलेलं असतं की पेशंट स्थिर आहे, पुढे काय होणार याचा अंदाज आहे आणि वर कुणीतरी आरएन लक्ष ठेवून आहे. आरएन झालीस की त्या 'वर'च्या जागी तू असशील. अभ्यास या एका बदलाचा आहे, आणि तो दिसतो त्याहून अवघड आहे.

एक पेशंट डोळ्यांसमोर आण. पोटाचं ऑपरेशन होऊन आलेला ७० किलोचा माणूस. २ वाजता रक्तदाब १२८/८०, नाडी ७८, तासाभरातली लघवी ६० मिली. ३ वाजता ११८/७६, नाडी ९०, लघवी ४०. ४ वाजता १०८/७४, नाडी १०४, लघवी २०, आणि तो चादर सारखी खाली-वर करतोय, कूस बदलतोय, 'काही नाही, जरा कसंतरी होतंय' म्हणतोय. एलपीएनच्या सवयीने तू हे आकडे चोख लिहिशील आणि आरएनला सांगशील. यातला एकही रक्तदाब एकटा पाहिला तर घाबरवणारा नाही. पण तिन्ही ओळी एकाखाली एक ठेव. वरचा आकडा उतरतोय, खालचा जवळपास तिथेच आहे, म्हणजे दोघांतलं अंतर ४८ वरून ३४ वर आलंय. शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब कसाबसा टिकवून धरतंय. नाडी चढतेय. लघवी ताशी किलोमागे निदान अर्धा मिली हवी, म्हणजे याला ३५. ती २० वर आली. हा माणूस आतून रक्त गमावतोय असंच धरून चालायचं, दाब कोसळायची वाट पाहायची नाही. दाब शेवटी कोसळतो.

मग हातात काय आहे? आधी कॅथेटरची नळी कुठे मुडपली नाही ना, ते बघ. दोन सेकंदांचं काम आहे. ड्रेन, म्हणजे पोटातला स्राव बाहेर काढणारी नळी, बघ. ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी हात पेशंटच्या कमरेखाली घाल, कारण रक्त उताराकडे जाऊन पाठीखाली साचतं. पोट ताठ आहे का, हातपाय गार पडलेत का, शिरेतली सुई चालू आहे का. त्याला आडवा ठेव, ऑक्सिजनची पातळी बघ आणि फोन लाव. फोनवर 'डॉक्टर, पेशंट बरा वाटत नाही' असं नको. कोण, कधी ऑपरेशन झालं, तीन तासांतले तिन्ही आकडे, तुला काय वाटतं आणि तुला काय हवंय: 'आतून रक्तस्राव होतोय अशी शंका आहे, तुम्ही आत्ता येऊन बघा, हिमोग्लोबिन आणि क्रॉसमॅच (चढवायचं रक्त जुळतं का, ती तपासणी) पाठवू का?' हे शेवटचं वाक्य उच्चारायला जुन्या एलपीएनची जीभ अडखळते. 'मला वाटतं' म्हणायची सवयच नसते. ती वर्गात लागत नाही, क्लिनिकलला, म्हणजे हॉस्पिटलातल्या प्रत्यक्ष सरावाला, जाणूनबुजून लावून घ्यावी लागते.

एनक्लेक्सला, म्हणजे नर्सच्या परवान्याच्या परीक्षेला, अनुभवी एलपीएन अडकतात त्या याच जागी. तुझ्या पहिल्या, एलपीएनच्या परीक्षेत 'नर्स इन चार्जला कळवा' हा पर्याय अनेकदा बरोबर होता. आरएनच्या परीक्षेत नर्स तूच आहेस. प्रश्नात दिलेली माहिती अपुरी असेल तर आधी पेशंट तपासायचा. धोका स्पष्ट दिसत असेल तर पुन्हा तपासत न बसता कृती करायची. 'आधी असेसमेंट' असा सरसकट नियम पाठ करून जाणाऱ्या मुली दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नांत मार्क घालवतात. एप्रिल २०२३ पासून परीक्षेत केस स्टडी आल्या. एकाच पेशंटवर सहा प्रश्न, आणि त्यांचा क्रम विचाराच्या पायऱ्यांचाच आहे: लक्षण ओळखणं, त्याचा अर्थ लावणं, सगळ्यात घातक शक्यता ठरवणं, उपाय सुचवणं, करणं, उपयोग झाला का ते पाहणं. वरच्या पेशंटच्या बाबतीत आपण तेच केलं. प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ ५ तास. उत्तरांप्रमाणे कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो, म्हणून प्रश्न अवघड होत गेले तर धीर सोडू नकोस. ८५ वर परीक्षा बंद पडली, एवढ्यावरून पास की नापास हे कळत नाही.

'आमच्याकडे असंच करतात' हे वाक्य मात्र परीक्षेपुरतं आणि कॉलेजपुरतं विसर. स्किल चेक-ऑफला, म्हणजे हातच्या कामांच्या प्रात्यक्षिक परीक्षेला, नवख्या मुली पास होतात आणि कामाला सरावलेल्या अडकतात, त्याचं कारण शॉर्टकट. स्टराइल (निर्जंतुक) कापडाची कडेची २.५ सेंटिमीटर पट्टी स्टराइल धरत नाहीत. कमरेखाली गेलेला हातमोजा बाद. वॉर्डातल्या घाईत हे सुटतं आणि हाताला तसंच वळण लागतं. प्रत्येक प्रक्रिया नव्याने, पायरी मोठ्याने म्हणत कर.

औषधांचं गणित तुला येतं, पण आता वजनावर चालणारी ड्रिप येईल. हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, घे. २५० मिलीत २५,००० युनिट, म्हणजे १ मिलीत १००. ऑर्डर ताशी किलोमागे १८ युनिट. पेशंट १५४ पौंडांचा, २.२ ने भागलं की ७० किलो. ७० गुणिले १८ म्हणजे ताशी १२६० युनिट, पंपावर ताशी १२.६ मिली. आता घाईत कुणी १५४ हाच आकडा किलो म्हणून पंपात भरला, तर पंप २७.७ ने चालेल, दुपटीहून जास्त, आणि पेशंटला रक्तस्राव सुरू होईतो कुणाला पत्ता लागणार नाही. गुणाकार सहसा चुकत नाही, एकक चुकतं. म्हणून पंपाला हात लावण्याआधी कागदावर अंदाज काढ: साधारण १२-१३ यायला हवं. पंपावर वेगळंच दिसलं तर थांब. हेपॅरिनसारख्या औषधाला दुसऱ्या नर्सने वेगळं गणित करून ताडून बघायचं असतं. तुझं उत्तर तिला आधी सांगू नकोस.

काम वाटून देणं हा भाग अवघड जातो, कारण समोर कालची मैत्रीण असते. नुकतं ऑपरेशन होऊन आलेला, नुकताच भरती झालेला, डिस्चार्जचं पहिल्यांदा समजावून सांगायचं आहे असा, रक्त चढवायला सुरुवात करायची आहे असा पेशंट तुझा. जुन्या जखमेचं ड्रेसिंग, स्थिर मधुमेही, ठरलेल्या गोळ्या एलपीएनला देता येतात. आंघोळ, चालवणं, वजन घेणं सीएनएला, म्हणजे नर्सच्या मदतनिसाला. शिरेतून थेट इंजेक्शन एलपीएनला देता येतं का, हे राज्याराज्यात बदलतं. आपल्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाचा नियम वाचून ठेव. काम दिलं म्हणजे जबाबदारी गेली असं नाही. 'नाडी १०० च्या वर गेली तर लगेच सांग' असं नेमकं सांगायचं, आणि स्वतः जाऊन बघायचं.

कॉलेज निवडताना दोनच गोष्टींवर अडून बस: राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, आणि पहिल्याच प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण किती. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजीची जुनी क्रेडिट बरीच कॉलेजं पाच-सात वर्षांनंतर धरत नाहीत, तेव्हा आधी लेखी विचार. फीसाठी नोकरीच्या ठिकाणी चौकशी कर; मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर तुला कर लागत नाही. पण त्याबदल्यात किती वर्षं तिथेच राहायचं बंधन आहे, ते सही करण्याआधी वाच. पूर्णवेळ नोकरी ठेवून हे जमेल या भरवशावर राहू नकोस, आणि क्लिनिकलच्या आदल्या रात्री नाइट ड्यूटी अजिबात घेऊ नकोस. झोपेविना गेलेली मुलगी पंपावर १५४ टाकते.

प्रवेश व्हायला अजून अवकाश आहे, तोवर एवढं सुरू कर. रोज ड्यूटीवर गेलीस की तुझ्या पेशंटांतला एक निवड आणि खिशातल्या चिठ्ठीवर तीन ओळी लिही: हा इथे का आहे, याचं आज काय बिघडू शकतं, आणि बिघडलं तर मला सगळ्यात आधी काय दिसेल. सुट्टी होताना चिठ्ठी काढ आणि त्याच्या चार्टशी ताडून बघ. पहिले पंधरा दिवस तिसरी ओळ कोरी राहील. राहू दे, पण प्रश्न लिही. एखाद्या पेशंटपाशी अडलीस तर ती चिठ्ठी मला पाठव, आपण बोलू.

तुझी,
ताई