कागद गिरणीच्या गाळापासून इथेनॉल: गावात जमेल का?

बल्लारपूरजवळच्या गावातून आपण विचारले आहे की, कागद गिरणीच्या सांडपाण्यातून निघणारा गाळ ट्रॉलीने फुकट मिळत असेल, तर शेतकरी गटाने त्यापासून इथेनॉल काढण्याचा छोटा कारखाना टाकावा का. एका गिरणीच्या प्रयोगशाळेत हाच गाळ तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली, त्या आधारावर सांगतो: माल चांगला आहे, पण कारखान्याची जागा गाव नव्हे.

पऱ्हाटी, तुराटी किंवा धानाच्या तणसातील सेल्युलोज (ज्याची साखर करून ती आंबवली की इथेनॉल मिळते, तो तंतुमय भाग) लिग्निन या चिवट, तंतूंना जखडून ठेवणाऱ्या पदार्थाच्या वेढ्यात अडकलेले असते आणि तो वेढा सोडवण्यात मोठा खर्च होतो. गिरणीने बांबू शिजवताना ते काम आधीच उरकलेले असते, त्यामुळे पाण्याबरोबर निसटलेल्या आखूड तंतूंची साखर करणे एन्झाइमना सोपे जाते. एक टन ओल्या गाळात ६५ टक्के पाणी धरले तर कोरडा माल ३५० किलो उरतो. त्यातला ४० टक्के भाग खनिज आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सेल्युलोज धरला, तर हाती १४० किलो सेल्युलोज येते. किलोमागे सैद्धांतिक कमाल ०.७२ लिटर, म्हणजे टनाला सुमारे १०० लिटर इथेनॉल. प्रत्यक्षात ६० ते ७० लिटर निघाले तरी मी समाधान मानीन.

खरी डोकेदुखी त्या खनिजाची आहे. छपाईच्या कागदात घातलेले कॅल्शियम कार्बोनेट गाळात उतरते, आणि एन्झाइमना ५० अंश तापमानाबरोबर ५ च्या आसपास सामू (पीएच) लागत असताना ते सामू खाली येऊच देत नाही. १०० किलो कार्बोनेट संपवायला ९८ किलो गंधकाम्ल लागते आणि मागे जिप्समचा चिखल राहतो. मी पहिल्यांदा बादलीभर गाळात आम्ल घाईने ओतले, तेव्हा फेसाबरोबर अर्धा गाळ फरशीवर आला होता. म्हणून बारीक चाळणीवर खनिज आधी धुऊन काढावे लागते आणि त्यात थोडे तंतूही जातात.

दुसरे असे की, पाण्यात १० टक्के कोरडा गाळ कालवला की तो पिठल्यासारखा घट्ट होऊन ढवळणीला दाद देत नाही, आणि एवढ्या गाळातून जेमतेम २ टक्के इथेनॉलचे पाणी मिळते. ऊर्ध्वपातनाची वाफ परवडण्यासाठी ते निदान ४ टक्के हवे, म्हणजे गाळ टप्प्याटप्प्याने घालत जावे लागते. त्यापुढे साध्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे निर्जल इथेनॉल करायला मॉलिक्युलर सीव्ह (उरलेले पाणी शोषून घेणारी चाळणी) लागते, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना वेगळाच. वाफ, वीज आणि सांडपाण्याची सोय जिथे आधीच आहे, त्या गिरणीच्या आवारातच हे शोभते.

काळा द्रव, म्हणजे बांबू शिजवल्यावर उरणारे गडद पाणी, का वापरू नये, असेही आपण विचारले आहे. तो गिरणी स्वतःच जाळून वाफ आणि शिजवण्यासाठी लागणारा कॉस्टिक सोडा परत मिळवते, शिवाय त्यातल्या बहुतेक साखरा शिजतानाच मोडलेल्या असतात. गटाला गाळच वापरायचा असेल, तर पुठ्ठा किंवा अंड्यांचे ट्रे यांचा हिशेब आधी मांडावा.

तरीही इथेनॉलची चाचणी करायची असल्यास प्रथम कोरडा गाळ ५२५ अंशांवर जाळून मागे उरणारी राख, म्हणजेच खनिजाचा वाटा, मोजून घ्या. ती निम्म्यावर गेली तर पुढचा खर्च करू नका. नमुना झाकलेल्या डब्यात त्याच दिवशी पोहोचवा, कारण चंद्रपूरच्या मे महिन्यात ओला गाळ लवकर आंबतो आणि जी साखर मोजायची, ती जिवाणू आधीच खाऊन टाकतात.