शंका-समाधान : थंडीतलं खुराडं

प्रश्न : ८ बाय ६ फुटांच्या पत्र्याच्या खुराड्यात २५ गावरान कोंबड्या आहेत. थंडी वाढली म्हणून चारही बाजूंनी प्लास्टिकचा कागद पक्का लावला. आता सकाळी दार उघडताच डोळे चुरचुरतात, छतातून पाणी ठिबकतं, दोन-तीन कोंबड्या शिंकतात. काय चुकतंय? — एक वाचक, शिरपूर

उत्तर : थंडीबरोबर तुम्ही ओलही कोंडली आहे. एक मोठी कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते. त्यातलं बरंचसं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडतं, आणि रात्रीचं सगळं खुराड्यातच राहतं. वाफ गार पत्र्याला लागली की ठिबकते, खाली अंथरलेलं तूस भिजतं, ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तोच डोळ्यांना झोंबतो. कोंबडीची श्वासनलिकाही त्याने दुखावते आणि मग रोगाला वाट मिळते. मोठ्या कोंबडीला ८-१० अंशांची रात्र कोरड्या पिसांत सोसते, ओल्या पिसांत सोसत नाही.

कागद आजच वरून सोडवा. दोन्ही लांब भिंतींना, छताच्या लगेच खाली, पूर्ण ८ फूट लांबीची ४ इंच फट ठेवा. दोन्ही मिळून साधारण सव्वापाच चौरस फूट होतात, म्हणजे जमिनीच्या दहाव्या हिश्शाहून थोडं जास्त. एवढं लागतंच. एकाच भिंतीला फट ठेवून भागत नाही, हवा खेळत नाही. फटीला अर्ध्या इंची जाळी मारा, नाहीतर मुंगूस आत येईल. पत्रा बाहेर फूटभर काढला की दव आणि अवकाळी पाऊस अडतो.

फटीखाली मात्र वारा शिरता कामा नये. सातपुड्याकडून येणारा उत्तरेचा वारा अडवायला गोणपाटाचा पडदा खालून पक्का बांधा, वरून उतरवता येईल असा. आपल्याकडे दुपारी ऊन चांगलंच तापतं, तेव्हा तो पूर्ण खाली सोडा आणि सूर्य मावळताना फटीपर्यंत चढवा. बसायची दांडी दोन फुटांवर ठेवा. संध्याकाळी दांडीच्या उंचीवर उदबत्ती हातात धरून पाहा : धूर सावकाश वर जायला हवा. आडवा पळाला तर त्या बाजूची भेग बुजवा.

ठिबक थांबवायला पत्र्यावर पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि तिच्यावर कडब्याचा ४-५ इंच थर बांधा. आतलं ओलं तूस काढून ३-४ इंच कोरडं तूस किंवा बुरशी न लागलेली भुईमुगाची टरफलं घाला. मूठभर दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला, तर ओल जास्त आहे. बरेच जण वास मारायला चुना टाकतात. चुन्याने ओल थोडी शोषली जाते, पण अमोनिया उलट जास्त सुटतो. कोंबड्या आत असताना तो टाकू नका.

आठवडाभरात शिंका थांबल्या नाहीत किंवा नाकातून पाणी आलं, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. मान वाकडी झाली तर एक दिवसही थांबू नका, ती मानमोडी (राणीखेत रोग) असू शकते.

प्रश्न : पिल्लांच्या खोलीलाही फट ठेवायची का?

उत्तर : हो. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. झुळूक अडवायला पिल्लांभोवती दीड फूट उंच पुठ्ठ्याचं गोल कडं करा, पण वरची फट बुजवू नका. वीज गेली म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवाल, तर तिच्या विषारी वायूने पिल्लं रात्रीत मरतात.